हृदयविकाराचा धोका मोजताना: आशियाई संशोधनातले आकडे आपल्या रिपोर्टला कोणत्या क्रमाने लावावेत

चाळिशी उलटली की 'फुल बॉडी चेकअप'चे पॅकेज घ्यायचे, ईसीजी नॉर्मल आला की फाइल कपाटात टाकायची आणि वर्षभर निर्धास्त राहायचे, ही पद्धत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की तिच्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतच नाही. ईसीजी त्या काही सेकंदांतल्या हृदयाच्या विद्युत हालचालीची नोंद करतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे साठत आलेला चरबीचा थर त्यात दिसत नाही. स्ट्रेस टेस्टमध्येही रक्तप्रवाह अडवण्याइतका मोठा अडथळाच सहसा सापडतो, आणि पुष्कळसे झटके त्याहून लहान थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्याने येतात. म्हणजे आपण शेवटच्या तपासण्या पहिल्यांदा करतो आणि पहिल्या करतच नाही. दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकारावर गेल्या वीसेक वर्षांत झालेल्या संशोधनातून आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा पुढे आल्या आहेत. पण त्या लावायच्या तर आधीची मोजमापे नीट असावी लागतात. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

आधी हे वाचा. ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी अथवा बायपास झाली आहे, त्यांनी धोका मोजत बसू नये. त्यांचा धोका सिद्धच आहे आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, दरदरून घाम, अचानक धाप, आणि विशेषतः स्त्रियांमध्ये कारण नसताना आलेला कमालीचा थकवा व मळमळ, अशी लक्षणे आत्ता असतील तर हा लेख बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. 'गॅस असेल, सोडा घेऊन बघू' या एका वाक्यापायी जो तासभर जातो, तोच हृदयाच्या स्नायूला सर्वांत महाग पडतो.

## टप्पा १: बातमीतले 'आशियाई' कोण, हे ठरवा

ब्रिटनमधल्या अहवालात 'एशियन' म्हटले की बहुधा भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी लोक अभिप्रेत असतात. अमेरिकेतल्या अहवालात त्याच शब्दात चिनी, फिलिपिनो, कोरियन, व्हिएतनामीही येतात. पूर्व आशियात पक्षाघाताचा भार मोठा राहिला आहे, तर दक्षिण आशियात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार लवकरच्या वयात दिसतो. या दोघांची सरासरी काढली तर ती कोणालाच लागू पडत नाही. जपानी लोकांवरच्या अभ्यासावरून पुण्यातल्या माणसाने निष्कर्ष काढू नये, इतके तरी पथ्य पाळावे.

आपल्याशी थेट संबंध असलेले आकडे मोजके आहेत. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाच्या २००७ सालच्या विश्लेषणात पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियाई रुग्णांत ५३ वर्षे, तर इतरांत सुमारे ५९ वर्षे आढळले. ब्रिटनमधल्या 'यूके बायोबँक'च्या २०२१ सालच्या अभ्यासात सुमारे ११ वर्षांत दक्षिण आशियाई वंशाच्या ६.८ टक्के लोकांना, तर युरोपीय वंशाच्या ४.४ टक्के लोकांना रक्तवाहिन्यांच्या या आजाराचा फटका बसला, आणि वय व लिंग यांतला फरक हिशेबात घेतल्यावर आपला धोका जवळजवळ दुप्पट भरला.

नेहमीची चूक. 'दुप्पट धोका' हे शब्द वाचून माणूस एक तर हादरतो, नाही तर 'आपल्या जीन्समध्येच आहे, काय करणार' म्हणून हात वर करतो. दोन्ही चुकीचे आहे. इंटरहार्टच्या विश्लेषणात आपले लवकरचे वय बऱ्याच अंशी याच कारणाने उलगडले की रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, बिघडलेली चरबी हे नेहमीचेच घटक आपल्याकडे कमी वयात जास्त होते. बायोबँकेत मात्र असे घटक वजा करूनही काही धोका शिल्लक राहिला. म्हणजे जे मोजता येते ते मोजावे, आणि जे मोजता येत नाही त्यासाठी मर्यादा थोड्या कडक ठेवाव्यात.

## टप्पा २: कुटुंबाचा कागद तयार करा

लॅबमध्ये जाण्यापूर्वी हा कागद तयार हवा, कारण पुढे कोणत्या तपासण्या करायच्या हे त्यावरही ठरते.

सख्खे नातेवाईक म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण आणि मुले यांची नावे, कोणाला कोणत्या वयात काय झाले, हे लिहावे. पुरुष नातेवाइकाला ५५ वर्षांच्या आत किंवा स्त्री नातेवाइकाला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो 'अकाली' समजतात आणि त्याचे वजन जास्त असते. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा यांची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. ती वाया जात नाही, पण पहिल्या यादीत मिसळू नये.

'वडील अचानक गेले', 'झोपेतच गेले', 'हार्टफेल झालं' अशी उत्तरे हमखास मिळतात. त्यावर थांबू नये. घरातल्या ज्येष्ठ बाईमाणसाला विचारावे: त्या दिवशी काय झाले होते, आधी काही त्रास होता का, शुगरच्या गोळ्या चालू होत्या का? वय आठवत नसेल तर 'ताईच्या लग्नाच्या आधी की नंतर' असे विचारले की वर्ष बरोबर निघते.

याच कागदावर स्वतःबद्दल दोन गोष्टी लिहाव्यात. पहिली तंबाखू. 'सिगारेट ओढता का' या प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्या कित्येकांच्या खिशात चुन्याची डबी असते, आणि दात घासायचे म्हणून रोज दोनदा मिश्री लावणाऱ्या बायकांना तर आपण तंबाखू घेतो असे वाटतही नाही. इंटरहार्टमध्ये केवळ तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली होती. तेव्हा मिश्री, गुटखा, खैनी, तपकीर, बिडी, जे असेल ते नावानिशी लिहावे. दुसरी गोष्ट स्त्रियांसाठी: गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, त्या वेळी मधुमेह निघाला होता का, बाळ दिवसांआधी झाले होते का, पाळी चाळिशीच्या आत गेली का. बाळंतपणाची फाइल या कामी काढावी लागते, हे बहुतेकींना कोणी सांगितलेलेच नसते.

## टप्पा ३: टेपने कंबर मोजा

पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पुरुषांची पँट वयाबरोबर पोटाखाली सरकत जाते. ३४ नंबर वीस वर्षे कायम राहतो आणि पोट मात्र त्याच्यावरून पुढे येत राहते. परकराच्या नाडीचा वळ जिथे पडतो तिथे मोजले तरी तीच चूक होते.

१. शिंप्याकडे असते तशी न ताणणारी टेप घ्यावी आणि सकाळी, काही खाण्यापूर्वी, उघड्या पोटावर मोजावे.
२. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून दोन्हींच्या बरोबर मध्ये खूण करावी.
३. टेप सगळीकडून जमिनीला समांतर राहील अशी गुंडाळावी. पाठीमागे ती घसरते, म्हणून आरशात पाहावे.
४. सहज श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता आकडा वाचावा. दोनदा मोजून सरासरी घ्यावी.

दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे, म्हणजे साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असू नये, ही दुसरी सोपी कसोटी.

वजन-उंचीचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, काढताना २५ हा सर्वत्र छापलेला आकडा वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे सुचवले होते. इंग्लंडमधल्या २०२१ सालच्या अभ्यासाप्रमाणे गोऱ्या लोकांत बीएमआय ३० असताना टाइप २ मधुमेहाचा जितका धोका असतो, तितका दक्षिण आशियाई लोकांत २३.९ लाच असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. 'मी तर बारीक आहे' असे म्हणणाऱ्याला यापेक्षा वेगळे काही सांगावे लागू नये.

तपासा: बीएमआय २३ च्या आत आणि कंबर मर्यादेबाहेर असे निघाले, तर कंबरेवर विश्वास ठेवावा.

## टप्पा ४: सात दिवस घरी रक्तदाब मोजा

सर्वांत जास्त गफलत याच टप्प्यावर होते, म्हणून येथे घाई करू नये. मी स्वतः एकदा दोन जिने चढून, रिक्षाच्या भाड्यावरून झालेला वाद डोक्यात ठेवून तपासणीला बसलो. १५०/९६ आले आणि लगेच गोळीची चिठ्ठीही मिळाली. पुढे आठवडाभर घरी नीट मोजल्यावर सरासरी १२४/७८ निघाली. उलटही घडते: दवाखान्यात उत्तम आणि घरी रोज चढलेला, असा लपलेला रक्तदाब एका मोजणीत सापडत नाही.

साधन. दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे. मनगटावरच्या यंत्रात हाताची जागा जराशी बदलली तरी आकडा बदलतो. दंडाचा मध्यावरचा घेर टेपने मोजून त्या मापाचा पट्टा निवडावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो, आणि बारीक दंडाला मोठा बांधला तर कमी.

तयारी. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून खुर्चीत बसावे, पाय जमिनीला लागलेले असावेत, पायावर पाय नको. पाच मिनिटे गप्प बसावे. टीव्हीवरच्या बातम्याही नकोत. बाही दुमडून दंड आवळला जात असेल तर सदरा काढावा.

मोजणी. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला टेकवावा. मांडीवर ठेवलेल्या हाताने वरचा आकडा सुमारे ४, तर बाजूला लोंबत्या हाताने सुमारे साडेसहा मिलिमीटरने वाढून येतो, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात नेमके मोजले गेले आहे. सकाळी, गोळी चालू असेल तर ती घेण्यापूर्वी, आणि संध्याकाळी जेवणाआधी, असे दोनदा बसावे. प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात.

हिशेब. सात दिवसांच्या २८ नोंदी होतील. पहिल्या दिवसाच्या चार सोडून द्याव्यात, उरलेल्या २४ ची सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती उच्च रक्तदाब मानली जाते. अमेरिकेत ही रेषा १३०/८० वर आहे.

इशारा. सातातला सर्वांत चांगला दिवस निवडून तोच डॉक्टरांना दाखवू नये. १८०/१२० च्या वर आकडा आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि तो तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे असे काही असेल तर थेट इस्पितळात जावे.

## टप्पा ५: रक्त तपासा, पण यादी आपली असू द्या

पॅकेजमध्ये ऐंशी तपासण्या असतात आणि हव्या त्यातल्या एक-दोन नेमक्या नसतात. लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज), उपाशीपोटीची साखर, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण), एवढी यादी पुरेशी आहे.

ताप किंवा मोठे आजारपण नुकतेच होऊन गेले असेल तर काही आठवडे थांबावे, कारण त्या काळात कोलेस्टेरॉल खोटेच कमी दिसते. आदल्या रात्री लग्नाचे जेवण किंवा मद्यपान झाले असेल तर ट्रायग्लिसराइड चढलेले येतात. साखरेसाठी आठ तास उपाशी राहणे पुरते. चौदा-सोळा तास पोट रिकामे ठेवून चक्कर येण्यात काही पुण्य नाही. कोलेस्टेरॉलसाठी तर भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत उपाशी नसतानाची तपासणीही चालते असे म्हटले आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघाले तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करावी.

रिपोर्ट वाचण्याचा क्रम. आपण पहिल्यांदा 'टोटल कोलेस्टेरॉल' बघतो, आणि तोच आकडा सर्वांत कमी बोलतो. समजा रिपोर्टवर टोटल २१२, एचडीएल म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल ३६ आणि ट्रायग्लिसराइड २२० आहेत. बहुतेक लॅब एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, हिशेबाने काढतात: २१२ वजा ३६ वजा २२० चा पाचवा भाग ४४, म्हणजे १३२. टोटल आणि एलडीएल दोन्हींपुढे 'बॉर्डरलाइन' छापून येते आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. आता टोटलमधून फक्त एचडीएल वजा करावे: १७६. हा नॉन-एचडीएल, म्हणजे घातक कणांतले सगळे कोलेस्टेरॉल, आणि कमी धोक्याच्या माणसातही तो १३० च्या आत हवा. कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड ही जोडी दक्षिण आशियाई लोकांत फार आढळते, म्हणून आपल्यासाठी नॉन-एचडीएल जास्त खरे बोलतो. रिपोर्टवर तो छापलेला नसेल तर पेन्सिलीने लिहून ठेवावा. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर पुढचा, धोक्याची टक्केवारी काढणाऱ्या गणकाचा टप्पा सोडून सरळ डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी आनुवंशिक विकाराची शक्यता पाहावी लागते आणि घरातल्या इतरांचेही रक्त तपासावे लागते. थायरॉइड मंद असला तरी एलडीएल वाढते, म्हणून टीएसएच यादीत आहे.

लायपोप्रोटीन-ए. हा कण बहुतांशी आनुवंशिक असून आहाराने फारसा हलत नाही, म्हणून एकदाच मोजला तरी चालतो. सात वंशगटांवरच्या २०१९ सालच्या अभ्यासात त्याच्या ५० मिलिग्रॅमच्या वरच्या पातळीचा झटक्याशी असलेला संबंध दक्षिण आशियाई लोकांत ठळकपणे दिसला. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटर ही रेषा धरतात. दोन एकके एकमेकांत ठरावीक गुणकाने बदलता येत नाहीत, तेव्हा ज्या एककात रिपोर्ट आहे त्याच एककाची रेषा वापरावी. अर्ज भरताना काउंटरवर 'अपोलायपोप्रोटीन ए-१' लिहिले जाणार नाही याकडेही लक्ष द्यावे. ती वेगळीच तपासणी आहे.

एचबीए१सी. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा आणि ६.५ पासून मधुमेह. मात्र लोहाच्या कमतरतेच्या अॅनिमियात हा आकडा खोटाच वर जाऊ शकतो, आणि नुकताच रक्तस्राव किंवा रक्तदान झाले असेल तर खाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये अॅनिमिया आढळला होता, तेव्हा हिमोग्लोबिन न बघता एचबीए१सी वाचणे हे आपल्याकडे जवळपास अर्धवट वाचणेच आहे.

## टप्पा ६: आता गणक उघडा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दहा वर्षांतला धोका काढण्याचे प्रदेशनिहाय तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत भारतासाठी 'दक्षिण आशिया'चा तक्ता निवडावा. त्यांत कोलेस्टेरॉल मिलिमोलमध्ये मागतात, म्हणून आपल्या आकड्याला ३८.६७ ने भागावे. २१२ चे साधारण ५.५ होतात. ब्रिटनमधला 'क्यूरिस्क-३' हा गणक वंश विचारतो आणि त्यात 'इंडियन' हा पर्याय आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसांनी 'अदर एशियन'वर टिचकी मारून मोकळे होऊ नये. त्यात टोटल आणि एचडीएल यांचे गुणोत्तर लागते, वरच्या उदाहरणात ५.९. तो ब्रिटनच्या लोकसंख्येवर बेतलेला असल्याने भारतात त्याचा उपयोग अंदाजापुरताच.

रक्तदाबाच्या रकान्यात टप्पा ४ मधली सरासरी भरावी, दवाखान्यातला एकुलता एक आकडा नव्हे.

नेहमीची चूक. ३८ वर्षांच्या माणसाला गणक दहा वर्षांचा धोका दोन-तीन टक्के दाखवतो आणि तो खूश होतो. या गणकांत वयाचे वजन प्रचंड असते; तरुणपणी सगळ्यांचाच आकडा लहान येतो. गणकाला घरचा अकाली मृत्यू थोडासाच कळतो, मिश्री मुळीच कळत नाही, लायपोप्रोटीन-ए कळत नाही. म्हणून निघालेल्या टक्केवारीच्या खाली, टप्पा २, ३ आणि ५ मधल्या ज्या गोष्टी गणकाने विचारल्याच नाहीत त्या हाताने लिहाव्यात. अमेरिकेच्या २०१८ सालच्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हाच मुळात 'धोका वाढवणारा घटक' म्हणून नोंदलेला आहे.

## टप्पा ७: एका पानावर मांडून डॉक्टरांकडे जा

प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले पाच वर्षांचे रिपोर्ट टेबलावर ओतले की दहा मिनिटांतली सात ते लावण्यातच जातात. एका पानावर कुटुंबाची नोंद, तंबाखू, कंबर, रक्तदाबाची सरासरी, नॉन-एचडीएल, एलडीएल, एचबीए१सी, लायपोप्रोटीन-ए, गणकाचा आकडा आणि चालू औषधे, काढे-भस्मांसह, लिहून न्यावे.

तीन प्रश्न विचारावेत. माझा धोक्याचा गट कोणता, आणि त्यासाठी एलडीएल किती हवे? भारतीय सूचनांत कमी धोक्यासाठी १०० च्या आत, जास्तसाठी ७० च्या आत आणि अतिजास्तसाठी ५५ च्या आत अशी उद्दिष्टे आहेत. औषध सुरू केले तर पुन्हा रक्त कधी तपासायचे? साधारणपणे ४ ते १२ आठवड्यांनी. आणि औषधाबाबत निर्णय अडला असेल तर कॅल्शियम स्कोअरचा सीटी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेले कॅल्शियम मोजणारा स्कॅन, उपयोगी पडेल का? त्यात शून्य आले तरी कॅल्शियम न धरलेला मऊ थर त्यात दिसत नाही, आणि कमी वयात तसाच थर असण्याची शक्यता जास्त, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

स्वतःहून अॅस्पिरिन सुरू करू नये; झटका न आलेल्या माणसात रक्तस्रावाचा तोटा फायद्यावर मात करू शकतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, चालू असताना आकडे सुधारले म्हणून गोळी सोडू नये, कारण आकडे गोळीमुळेच सुधारलेले असतात. परदेशात रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन लिहून दिले जात असेल तर आपण आशियाई वंशाचे आहोत हे सांगावे. आशियाई लोकांच्या रक्तात या औषधाची पातळी जास्त चढते, म्हणून अमेरिकेतल्या औषधपत्रकात अशांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याची सूचना आहे.

पुढच्या वेळी कंबर आणि रक्तदाब त्याच टेपने, त्याच यंत्राने, त्याच वेळी मोजावेत, आणि रक्त शक्यतो त्याच लॅबमध्ये द्यावे. रक्तदाबाचे यंत्र वर्षातून एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्रापुढे ताडून पाहावे, आणि पट्ट्याचा चिकटपट्टा सैल झाला असेल तर पट्टा बदलावा.